गंभीर न्यूमोनिया: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूरच्या घाटमाथ्यापासून अथणी-रायबागच्या ऊसपट्ट्यापर्यंत आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपासून उद्यमबागच्या फाउंड्र्यांपर्यंत न्यूमोनियाची कारणं थोडी थोडी बदलतात. जीव जाण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे उशीर. म्हणून खालच्या उत्तरांत आजार कोणाला गाठतो हे सांगितलं आहे आणि तो ओळखून हलायचं कधी, यावर जास्त भर दिला आहे.

न्यूमोनिया आणि गंभीर न्यूमोनिया यांत फरक काय?

फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. जंतुसंसर्गाने त्यांत पू आणि पाणी भरलं की न्यूमोनिया होतो. हवेची जागा द्रवाने घेतली की रक्तात प्राणवायू कमी पोहोचतो आणि शरीर ती तूट भरून काढायला श्वासाचा वेग वाढवतं. तेवढ्यावर भागत असेल तर तो साधा न्यूमोनिया. बाळ दूध ओढेनासं झालं, प्यायलेलं सगळं ओकू लागलं, झटके आले, हाका मारूनही सुस्त पडून राहिलं किंवा रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेलं, तर तो गंभीर. मोठ्या माणसांत श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त होणं, रक्तदाब पडणं आणि भान हरपणं या गंभीरपणाच्या खुणा आहेत.

ताप किती चढला यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही. १०३ ताप असून खेळणारं मूल आणि ताप नसताना मान टाकलेलं मूल यांत आधी दुसऱ्याला उचलायचं.

बाळाला धाप लागली आहे हे घरी नक्की कसं ओळखायचं?

श्वास मोजून. यासाठी घड्याळाचा सेकंदकाटा किंवा मोबाईलचा टायमर पुरतो. मोजताना काय करायचं ते नीट वाचा, कारण चुका इथेच होतात.

बाळ शांत असताना मोजा. रडल्यावर किंवा अंगावर पिऊन झाल्यावर लगेच मोजलं तर आकडा फुगतो. झोपलेलं बाळ सगळ्यात बरं. अंगावरचं झबलं छातीच्या वर सरकवा. उजेड बाजूने येईल असं बसा आणि छाती जिथे संपते व पोट सुरू होतं त्या जागी नजर ठेवा. एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच भरभर होतो, मध्येच क्षणभर थांबतो.

दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे वाढलेले श्वास समजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर घरी थांबू नका.

दुसरी खूण बघायची ती बरगड्यांखाली. निरोगी बाळ श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. फुफ्फुसं जड झाली की श्वास आत घेताना पोट वर येतं आणि शेवटच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊन तिथे खळगा पडतो. गावाकडे 'पोट उडतंय' म्हणतात किंवा 'डबा झालाय' म्हणतात, ते हेच. नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना दर वेळी कण्हल्यासारखा आवाज येणं याही खुणा त्याच रांगेतल्या. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर वेळ फार थोडा उरला आहे असं समजा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात यांपैकी एकही खूण दवाखाना गाठायला पुरे. त्या वयात ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकतं.

हा आजार नेमका किती मोठा आहे?

२०१९ साली जगात पाच वर्षांखालची ७ लाख ४० हजारांहून जास्त मुलं न्यूमोनियाने गेली. त्या वयात होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी ते १४ टक्के होते. नवजात बाळं वगळून एक महिना ते पाच वर्षांचा गट पाहिला तर हा वाटा २२ टक्क्यांवर जातो. मुलं आणि मोठी माणसं मिळून फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या संसर्गाने त्या एका वर्षात सुमारे २५ लाख लोक दगावले.

आजाराचा आलेख वयानुसार काढला तर तो दोन टोकांना उंच दिसतो. पहिली दोन वर्षं आणि साठी-पासष्टीनंतरचा काळ. मधल्या वयात गंभीर न्यूमोनिया झाला तर त्यामागे सहसा दुसरं काही असतं: मधुमेह, दारू, तंबाखू, एचआयव्ही, जुना दमा, मूत्रपिंडाचा आजार. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला गंभीर न्यूमोनिया झाला की आमचा पहिला आग्रह रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासण्याचा असतो. दोन्ही चाचण्या स्वस्त आहेत आणि अनेकदा मूळ आजार तिथेच पहिल्यांदा सापडतो.

कोणत्या जंतूंमुळे होतो?

जिवाणूंपैकी न्यूमोकोकस सगळ्यात महत्त्वाचा. हिब नावाचा दुसरा जिवाणू लसीकरणामुळे बराच मागे हटला आहे. विषाणूंमध्ये लहान मुलांसाठी आरएसव्ही आणि सगळ्यांसाठी इन्फ्लुएन्झा. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत त्यात नव्हता, पण शेजारचा बांगलादेश होता. त्यात एक्स-रेवर न्यूमोनिया दिसलेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांमागे विषाणू आणि २७ टक्क्यांमागे जिवाणू असल्याचा अंदाज निघाला. एकट्या आरएसव्हीचा वाटा जवळपास तिसरा हिस्सा होता.

मग अँटिबायोटिक कशाला, असा प्रश्न लगेच येतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही हे खरं. पण खाटेशी उभं राहून जिवाणू कोणता, विषाणू कोणता हे खात्रीने सांगता येत नाही आणि विषाणूने खरवडलेल्या फुफ्फुसात जिवाणू मागून शिरतो. गंभीर रुग्णात ते देतातच. साध्या सर्दी-खोकल्यात देऊ नये.

लहान मुलांपैकी धोका कोणाला जास्त?

जन्मवजन अडीच किलोच्या आत असलेलं बाळ. अशा बाळांत गंभीर न्यूमोनियाची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट असते, कारण फुफ्फुसंही अर्धवट तयार आणि आईकडून मिळणारं संरक्षणही कमी, विशेषतः ते दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर.

कुपोषित मूल. इथे आम्ही जरा थांबतो, कारण या भागात हा घटक दिसतो त्याहून मोठा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि ३२.९ टक्के कमी वजनाची आढळली. कुपोषणात न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते, झाला तर मृत्यूची शक्यता त्याहून वाढते आणि वर आजार लपतो. स्नायू इतके अशक्त असतात की श्वास जोरात चालत नाही, तापही चढत नाही. त्यामुळे श्वासांचा आकडा ठीक आला म्हणून कुपोषित मुलाला घरी ठेवणं धोक्याचं. अंगणवाडीतल्या पट्टीने दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत भरला तर खोकल्यालाही दवाखाना गाठायचा.

पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर नसलेलं बाळ. वरचं पाणी, मध, बाळगुटी, बाटलीचं दूध या सगळ्यांनी संरक्षण पातळ होतं.

लसी अपुऱ्या राहिलेलं मूल. गोवरानंतरचा न्यूमोनिया फार वाईट असतो. गोवर प्रतिकारशक्ती काही आठवडे लुळी करून ठेवतो आणि अ जीवनसत्त्वाचा साठा संपवतो. म्हणून गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस देतात.

शिवाय जन्मजात हृदयविकार, घरात दाटी (एका छपराखाली सातपेक्षा जास्त माणसं असतील तर धोका दुपटीच्या जवळ जातो असं अभ्यास सांगतात) आणि चुलीचा धूर. एक एक घटक वेगळा मोजला जातो, पण खऱ्या घरात ते एकत्रच नांदतात.

चूल सोडून गॅस घेतला की धोका टळतो का?

धुराचा आणि न्यूमोनियाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मात्र तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे गरोदर बायकांच्या घरी गॅस देऊन केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला, त्यात पहिल्या वर्षात बाळांच्या गंभीर न्यूमोनियात ठोस घट दिसली नाही. हा निकाल लपवण्यात अर्थ नाही. गॅस घ्याच, आईच्या फुफ्फुसांसाठी, डोळ्यांसाठी, भाजण्याचे अपघात टळावेत म्हणून. पण सिलिंडर आला म्हणून लस चुकली तरी चालेल असं होत नाही.

ज्या घरात चूल सुटणं शक्य नाही तिथे तीन गोष्टी करता येतात. बाळाला स्वयंपाकाच्या वेळी चुलीच्या खोलीत निजवू नका. पावसाळ्यासाठी लाकूड मे महिन्यातच छपराखाली घ्या, कारण ओलं लाकूड धुराने घर भरतं. खानापूरच्या कणकुंबी, जांबोटीकडे जूननंतर कोरडं लाकूड मिळणं मुश्कील. आणि चुलीवरच्या भिंतीत वर झरोका ठेवा. पावसाच्या भीतीने तो पोत्याने बुजवला जातो, ते टाळा.

मिशेरी, बिडी, तंबाखूच्या वखारीतलं काम यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे आणि तो दोन पिढ्यांत जातो.

मिशेरी भाजताना तव्यावरून उठणारा धूर हा तंबाखूचाच धूर. तो घरातलं तान्हं बाळही ओढतं. गरोदरपणी मिशेरी लावणं किंवा तंबाखू चघळणं यामुळे बाळाचं वजन घटतं. मुंबईत झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घट सरासरी १०५ ग्रॅम होती. काठावरचं बाळ अडीच किलोच्या खाली ढकलायला एवढे ग्रॅम पुरतात, आणि जन्मवजनाचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे. बिडी विझू नये म्हणून ती जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. धुराने श्वासनलिकेतले बारीक केस मरतात. कफ वर ढकलण्याचं काम त्यांचं, ते थांबलं की जंतू खालीच मुक्काम करतात. निपाणी पट्ट्यात वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका स्वतः ओढत नसल्या तरी दिवसभर भुकटी श्वासात घेतात. साध्या ओढणीने ती पुरती अडत नाही. नाकाला घट्ट बसणारा एन ९५ मास्क आणि खेळती हवा लागते.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात साच्यांची वाळू झाडणाऱ्या कामगारांना सिलिकाच्या धुळीचा धोका. त्या धुळीने फुफ्फुसं कडक होतात आणि क्षयाची शक्यता फार वाढते, न्यूमोनियाचीही. वेल्डिंगच्या धुराचं विशेष सांगायला हवं: धातूच्या वाफेने न्यूमोकोकसचा न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते, आणि ब्रिटनमध्ये वेल्डरना त्यासाठी लस घेण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे दुकानातल्या वेल्डरला हे कोणी सांगत नाही.

पावसात भिजल्याने न्यूमोनिया होतो का?

पाण्याने जंतू तयार होत नाहीत. पण पावसाळ्यात माणसं दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, घरात धूर कोंडतो आणि इन्फ्लुएन्झाची एक लाट नेमकी जून ते सप्टेंबर या काळात येते. दुसरी छोटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये. भिजलेल्या मुलाचं अंग पुसून कोरडे कपडे घाला, हे ठीकच. शेजारच्या खोकणाऱ्या माणसाच्या मांडीवर ते देऊ नका, हे त्याहून महत्त्वाचं.

आम्ही ऊसतोडीला जातो. बाळाचे डोस चुकतात. आता काय?

गाळपाचा हंगाम आणि बाळाचं लसीचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतात, हे या भागातलं जुनं दुखणं. कोपीत थंडी, उसाच्या पाचटाचा धूर, शेकोटी आणि वर डोस चुकलेला.

सरकारी वेळापत्रक असं आहे: पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, ६, १० आणि १४ आठवड्यांना (हिबची लस यातच असते). न्यूमोकोकसची लस, म्हणजे पीसीव्ही, ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना. गोवर-रुबेला ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत आहे. खासगीत ती महाग पडते, म्हणून पूर्वी श्रीमंतांची लस होती. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

चुकलेला डोस नव्याने पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जिथे थांबला तिथून पुढे चालतो. फक्त पेंटाव्हॅलेंट आणि पीसीव्हीचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाच्या आत पडायला हवा. तो पडला असेल तर उरलेले पुढे पूर्ण करता येतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात.

डोस कोणत्याही राज्यातल्या सरकारी केंद्रात मिळतो. कागल किंवा शिरोळच्या केंद्रात कर्नाटकातलं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड) चालतं आणि कोल्हापूरकडचं कार्ड चिकोडीत चालतं. नोंद कन्नडमध्ये असली तरी तारखा आकड्यांत असतात, नर्सला त्या वाचता येतात. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांत लक्षणं वेगळी असतात का?

हो, आणि घरातले तिथेच फसतात. सत्तरीच्या माणसाला न्यूमोनियात ताप नसू शकतो, खोकलाही जेमतेम असतो. जेवण सोडणं, अचानक बरळणं, माणसं न ओळखणं, उठताना पडणं, अंथरूण ओलं करणं, यातलं काहीही एक-दोन दिवसांत नव्याने सुरू झालं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. श्वास मोजा.

डॉक्टर वापरतात तो साधा हिशेब घरीही समजून घेता येतो. चार गोष्टींना प्रत्येकी एक गुण: नव्याने आलेला गोंधळ, श्वास ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी, वय ६५ किंवा जास्त. शून्य गुण असतील तर बहुधा घरी उपचार होतात. एक-दोन असतील तर दाखल करायचं का हे डॉक्टरांनी ठरवायचं. तीन-चार असतील तर वाट बघायला जागा नाही. रुग्णालयात यात रक्तातल्या युरियाचा पाचवा गुण मिळवतात.

पक्षाघात झालेल्यांत अन्न किंवा लाळ चुकीच्या नळीत जाऊन न्यूमोनिया होतो. त्यांना निजवून भरवू नका. पाठ सरळ करून बसवा, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ जास्त ठसकवतात, दाट नाचणीची आंबील किंवा घोटलेली पेज सहसा बरी जाते. पेंगुळलेल्या माणसाला घास देऊ नका. आणि दात, कवळी, जीभ रोज दोनदा साफ करा. तोंडातले जंतूच खाली उतरतात, म्हणून या एका सवयीने बराच फरक पडतो.

मधुमेह असेल तर वेगळी काळजी कोणती?

साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि संसर्ग झाला की साखर आणखी चढते. रुग्ण जेवत नाही म्हणून घरचे इन्सुलिन बंद करतात, ही नेहमीची चूक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, उलट साखर दिवसातून अधिक वेळा तपासा.

भातशेती करणाऱ्या मधुमेहींसाठी एक खास सूचना. मेलिऑइडोसिस नावाच्या आजाराचा जंतू माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर, उडुपी भागात हा आजार चांगलाच ओळखीचा आहे आणि पावसाळ्यात मधुमेही माणसाला जास्त गाठतो. न्यूमोनियासारखाच दिसतो, पण नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. लावणीत चिखलात काम केलं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि औषध सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घेतलं का, हे विचारा. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच खाचरात उतरा.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचं काय?

उपचार नियमित असतील आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी चांगल्या असतील तर धोका खूप उतरतो. उपचार तुटले की न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो: कोरडा खोकला आणि काही आठवडे हळूहळू वाढणारी धाप. त्याची प्रतिबंधक गोळी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) मोफत मिळते.

ऑक्सिमीटरवर किती भरवसा ठेवावा?

चांगली वस्तू आहे, वापर चुकतो. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा खोटा येतो. बोट चोळून ऊबदार करा, नखाचा रंग काढा, हात छातीच्या पातळीवर स्थिर ठेवा आणि आकडा निदान अर्धा मिनिट स्थिर झाल्यावरच वाचा. मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटाला नीट बसत नाही. बाळासाठी वेगळा सेन्सर लागतो, तो आरोग्य केंद्रात असायला हवा. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून ९४-९५ च्या काठावर निश्चिंत राहू नका.

मोठ्या माणसात ९४ च्या खाली गेला तर दवाखाना. मुलात ९० च्या खाली म्हणजे तातडीने ऑक्सिजन. जुना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्या माणसात ८८ ते ९२ ही मर्यादा चालते आणि त्याला घरच्या घरी जोरात ऑक्सिजन लावणं उलट घातक ठरू शकतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, तेवढ्या उंचीने आकडा उतरत नाही. कमी दिसला तर दोष उंचीला देऊ नका.

घरगुती उपायांत काय चालतं, काय घातक?

मोठ्यांना कोमट पाणी, सहा महिन्यांवरच्या मुलांना पातळ डाळ-भाताचं पाणी, एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, चालतं. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, चालतं.

बाळाच्या नाकात किंवा घशात तेल, तूप, एरंडेल सोडणं थांबवा. तेल फुफ्फुसात गेलं की खोकला येत नाही, ते तिथेच बसतं आणि त्याचा स्वतंत्र न्यूमोनिया होतो जो अँटिबायोटिकने जात नाही. न्हाऊ घालताना हा प्रकार प्रेमानेच होतो, तरीही थांबवा. पोटावर किंवा छातीवर डाग देणं: आजार जात नाही, जखमेतून नवा संसर्ग होतो आणि मोलाचा दिवस जातो. तान्ह्याला उकळत्या पातेल्याची वाफ: भाजण्याची भीती मोठी, फायदा नाही. मुलाने चुकून रॉकेल प्यायलं तर ओकारी काढू नका. ओकताना ते फुफ्फुसात जातं. तसंच रुग्णालयात न्या.

गावातल्या डॉक्टरांकडून सुई घेतली तर लवकर बरं वाटतं का?

सुईचा मान आपल्याकडे मोठा आहे. पण सुरुवातीला सांगितलेली गंभीरपणाची, म्हणजे धोक्याची, खूण नसलेल्या दोन महिन्यांवरच्या मुलात तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन इंजेक्शनइतकंच काम करतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ पासून बरगड्यांखाली खळगा पडणाऱ्या अशा मुलांसाठीही तेच सांगितलं आहे. गोळी पाण्यात विरघळते, मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचं वजन करूनच ती द्यायची. दोन दिवसांत श्वास कमी झाले नाहीत तर परत दाखवायचं. धोक्याची खूण असेल, बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल किंवा कुपोषित असेल तर मात्र रुग्णालयच.

एकाच सुईत ताप उतरून माणूस टवटवीत झाला तर त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. संसर्ग आत तसाच राहतो, साखर मात्र चढते. काही गंभीर रुग्णांत अतिदक्षता विभागात स्टेरॉइड विचारपूर्वक देतात, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक: खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकीची क्षयाची तपासणी आधी. लिव्होफ्लॉक्सासिन गटातली औषधं क्षयाला अर्धवट दाबतात, थोडं बरं वाटतं आणि निदान कित्येक आठवडे लांबतं. मेडिकलमधून ती परस्पर घेऊ नका.

रात्री-अपरात्री कुठे आणि कसं न्यायचं?

१०८ ला फोन. सीमेवरच्या गावात मोबाईल शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागलेला असू शकतो आणि फोन त्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिल्या वाक्यातच राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगा. 'श्वास मिनिटाला इतके आहेत, दूध पीत नाही' असं आकड्यासकट सांगितलं तर ऑक्सिजन असलेली गाडी मागता येते.

आशाताईंना हाक मारा. २०१९ पासून दर वर्षी १२ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर 'सांस' नावाची न्यूमोनियाविरोधी मोहीम चालते. त्यात आशांना श्वास मोजण्याचं आणि पुढे पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याचं प्रशिक्षण दिलेलं असतं.

वाटेत बाळ आईच्या छातीशी उबेत, डोकं थोडं उंच. शुद्धीत असून पीत असेल तर थोडं थोडं अंगावर पाजा, सुस्त असेल तर तोंडात काहीही घालू नका. तालुका रुग्णालयात आधी ऑक्सिजन आणि पहिलं इंजेक्शन मिळवा, मग पुढे. खानापूरच्या आतल्या वाडीतून ऑक्सिजनशिवाय सरळ बेळगाव गाठण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. बेळगावात सरकारी बिम्स जिल्हा रुग्णालय आहे आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयही. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत खासगी रुग्णालयासाठी एरवी सरकारी रुग्णालयाचं रेफरलपत्र लागतं, तातडीच्या स्थितीत लागत नाही. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या आणि पोहोचल्यावर योजनेच्या खिडकीवर लगेच नोंद करा.

मोठ्यांसाठी लस कोणती?

इन्फ्लुएन्झाची दर वर्षी. आपल्याकडे लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. न्यूमोकोकसची ६५ वर्षांवरच्यांना, आणि त्याआधीही मधुमेह, हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांना. पीसीव्ही १३ घेतली तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही २३ (न्यूमोकोकसचीच दुसरी लस) घेतात, प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर हे अंतर आठ आठवड्यांवर आणतात. मोठ्यांना या लसी सहसा विकतच घ्याव्या लागतात, म्हणून घरात कोणाला आधी, हे वय आणि आजार बघून ठरवा.

घरी सोडल्यावर किती दिवस जपायचं?

ताप बहुधा आठवड्यात जातो, खोकला सहा आठवडेही रेंगाळतो, थकवा तीन महिने राहू शकतो. मुलाला पुढचे दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्या आणि वजन अंगणवाडीत करून घ्या. औषधाचा कोर्स डॉक्टरांनी सांगितल्याइतका पूर्ण करा. धाप पुन्हा वाढली, ताप परतला किंवा जेवण सुटलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. पन्नाशीवरच्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने सहा ते आठ आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा, कारण न्यूमोनियाच्या पांढऱ्या डागामागे कधी कधी गाठ दडलेली असते आणि ती डाग विरल्यावरच दिसते. पहिल्या वेळची फिल्म सोबत न्या.